आवणी उरकेपर्यंत

"बघ गं नंदा, गिळली," असं म्हणून माझ्या थोरल्या जाऊबाई रोज संध्याकाळी मला तोंड उघडून दाखवत. रक्त पातळ करायची गोळी होती ती. विसर पडू नये म्हणून साक्षीला मी. जीभ बाहेर काढायच्या आणि स्वतःच हसायच्या.

पासली गावात सून म्हणून आल्यापासून मी त्यांना आक्का म्हणत आले. त्यांची दोन गरोदरपणं वाया गेली तेव्हा घरच्यांनी देवाधर्माचं सगळं केलं. पुढे गालांवर लाल चट्टे उठले, पाय सुजून खांब झाला, तेव्हा कुठं पुण्याच्या डॉक्टरांनी ल्युपस हे नाव सांगितलं. शरीर स्वतःवरच उलटतं, अंगातलं रक्त उगाचच गोठतं, म्हणून गोळी जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही. आक्का म्हणाल्या, "रगात माझंच, आन् वैर बी माझ्याशीच. भावकीच म्हणायची."

रक्त तपासायला आम्ही दोघी नसरापूरला जायचो. एसटी, मग रिक्षा, मग रांग. परत येईपर्यंत अंग आंबून जायचं.

आमच्याकडं भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, इर्जिकीवर चालते. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. गेल्या वर्षी चिखलात आक्कांच्या पोटरीला जळू लागली. गोळीमुळे रक्त थांबेना. बायांनी त्यांना बांधावर बसवलं, आणि दिवसभर त्या इतरांच्या वाकलेल्या पाठी बघत राहिल्या. ते त्यांच्या मनाला फार लागलं.

यंदा आवणी सुरू झाली आणि आक्का गोळी दाखवायला येईनात. विचारलं तर म्हणाल्या, "आवणी उरकू दे, मग घेते. गोळी घेतली की जळूचं रगात थांबत न्हाई. समद्या माझ्या खाचरात राबल्या, म्या काय बांधावर बसून च्या पिऊ?" मी चिडले, डॉक्टरांचं बोलणं ऐकवलं, त्यांच्या नवऱ्याला, भावजींना, मध्ये घातलं. "व्हय, व्हय, घेते," म्हणत त्या चिखलात उतरल्या.

शेवटचं खाचर लावून झालं आणि आक्का पडल्या. आधी पायाची बोटं काळी पडली, मग लघवी बंद झाली, मग श्वास लागला. पुण्यात डॉक्टर म्हणाले, गुठळ्या साऱ्या अंगात पसरल्यात. श्वासाच्या मशिनवर घालायच्या आधी आक्का एवढंच बोलल्या, "कुणाकडची ऱ्हायली न्हाई ना गं आवणी?" त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत.

दहाव्याला बाया जमल्या. एकीनं डोळे पुसत म्हटलं, "लई गुणाची बाई. कुणाच्या आवणीची पाळी ठिवून गेली न्हाई." साऱ्याजणींनी माना डोलावल्या. मला तो गुण नको होता, आक्का हव्या होत्या. पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मीही मान डोलावली.