वाट्यावरचा ड्रायव्हर

बाबलशी भांडायला म्हणून मी घरातून निघालो होतो, आणि कणकवलीच्या स्टँडवर मला कळलं की ते भांडण आता माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलं आहे. मालवणच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. तिकीट फाडता फाडता त्याने विचारलं, "मास्तरानु, बाबलाकडे चललात?" मी मान हलवली. त्याचा हात थांबला. "म्हणजे तुमका कळूक नाय... बाबल डायवर परवा सकाळी वारलो. छातीत कळ इली, पाण्याचो लोटो हातात होतो, थंयच बसलो तो बसलोच." उरलेली मोड माझ्या हातात ठेवून तो पुढच्या बाकाकडे वळला. मी खिडकीशी बसून राहिलो. आमच्या शाळेत नुकताच मास्तरांच्या पगारातून म्हातारपणासाठी फंड कापायला सुरुवात झाली होती. महिन्याच्या पगाराचे फायदे बाबलला पटवून देण्याची ही नवी संधी आहे असं मला वाटलं होतं. मुद्दे तयार होते. माणसाने निदान मुद्दे ऐकून तरी जावं!

आमचं हे भांडण बारा-चौदा वर्षं चाललं होतं. बाबल आणि मी मालवणच्या शाळेत एका बाकावर बसायचो. चौथीनंतर मी पुढच्या वर्गात गेलो आणि तो बापासोबत रापणीवर गेला. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं दोन टोकांच्या दोरांनी किनाऱ्यावर ओढून आणायचं, म्हणजे रापण. मासळी वाळूवर येते आणि तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या माणसांचे वाटे. उशिरा येऊन दोरीला नुसता हात लावणाऱ्या म्हातारीच्या टोपलीतही चार मासे पडतातच. जाळं रिकामं आलं तर त्या दिवशी सगळ्यांच्याच घरी पेज. या व्यवस्थेत वाढलेल्या माणसाला पगार म्हणजे काय हे समजावणं किती कठीण असतं, याचा माझ्याइतका अनुभव क्वचित कुणाला असेल.

लढाईवरून परतलेल्या मामाने बाबलला गाडी शिकवली. त्याच सुमारास आमच्या बाजारातल्या अण्णाशेठने, खोबऱ्या-सुपारीच्या पैशांवर, लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक घेतला. त्याला बाजूंना फळ्या नव्हत्या आणि वर छप्पर नव्हतं. मागे नुसता सपाट लाकडी तक्ता. ओंडके, चिरे, होड्या बांधायचे वासे वाहायला उत्तम. अण्णाशेठने त्याचा समारंभ केला तो मात्र राज्याभिषेकाच्या थाटात. मांडव, सनई, आणि ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसणार नाही इतके हार. भाषणात त्यांनी ट्रकला 'राष्ट्राच्या प्रगतीचं चाक' म्हटलं. पुढे नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि प्रगतीचं चाक सुरूच होईना. शेवटी प्रमुख पाहुण्यांसकट सगळ्यांनी ते ढकललं. पाहुण्यांचा पांढरा शर्ट ग्रीसने माखला. तो दिवस मला अजूनही आनंद देतो.

दुसऱ्या दिवशी अण्णाशेठने बाबलला पेढीवर बोलावून तीन पर्याय ठेवले. एक, महिन्याचा पगार, ट्रक चालो न चालो. दोन, दर खेपेला ठरावीक पैसे. तीन, वाटा. म्हणजे भाड्यातून तेल, टायर, दुरुस्ती वजा जाऊन जे उरेल त्यात रुपयाला दोन आणे. नवे पैसे यायच्या आधीची ही गोष्ट. निवडायला चार दिवस दिले. नव्या ड्रायव्हरला एवढी मोकळीक कोण देतो? पण अण्णाशेठना आपण उदार आहोत हे लोकांना दिसायला हवं होतं.

खरं म्हणजे निवडण्यासारखं काही नव्हतंच. कारण सुमन. किनाऱ्यालगतच्या दांडा वस्तीतल्या, बाजारात मासे विकायला बसणाऱ्या या मुलीशी बाबलला लग्न करायचं होतं, आणि तिची ना नव्हती हे साऱ्या बाजाराला माहीत होतं. ना होती तिच्या वडिलांची. ते मुंबईला बंदरावर कारकून. दर महिन्याला घरी मनीऑर्डर आणि दर मे महिन्यात एक पत्र्याची ट्रंक घेऊन पंधरा दिवस स्वतः. मला शिकलेला समजून त्यांनी निरोप दिला होता, "मुलगी देतो, पण पगारदाराला. एक तारखेला पैसे येणारं घर पाहिजे." अट साधी होती आणि ती पुरी करण्याचा मार्ग अण्णाशेठच्या पेढीवर आयता पडला होता. मी निरोप घेऊन उड्या मारत बाबलकडे गेलो. तो ट्रकच्या तक्त्यावर उताणा पडून विडी ओढत होता.

"पगार घे रे," मी म्हटलं. "पावसात ट्रक उभो रवलो तरी चूल पेटतली. आणि सुमन मेळतली."

"आणि शेठान रातचो उठयल्यान तर?"

"तर उठाचा! पगार मगे कसलो देता तो?"

"ह्याच माका नको. मी वाटो घेतंय. खेप पटली तर जातलंय, नाय पटली तर नाय."

"मेल्या, ह्यो ट्रक आसा, रापण न्हय. रापणीचो मालक तुझ्या बाजूक वाळूत उभो असता. अण्णाशेठ उभो रवतलो काय?"

बाबलने विडीचा धूर वर सोडला. "तुझी गजाल येगळी, मास्तरा. पोरांका काय येवंदे, नाय येवंदे, तुझो पगार चुकाचो नाय. पोरांका तां बरोबर कळता हां."

मी तिथून रागाने उठून गेलो. चार दिवस संपायच्या आत त्याने वाटा घेतला.

पुढे जे झालं ते मी आधीच सांगितलं होतं, आणि आपण आधी सांगितलेलं खरं होताना पाहण्यासारखा निरुपयोगी आनंद दुसरा नाही. पहिल्याच हिशेबात भाड्यातून तेल वजा झालं, टायर वजा झाला, आणि त्याखाली हार, सनई आणि पाहुण्यांचं जेवणही वजा झालं. राष्ट्राच्या प्रगतीच्या सनईचा खर्च ड्रायव्हरच्या वाट्यातून! मी संतापलो. बाबल म्हणाला, "जाळा फाटला तर सगळ्यांनीच शिवाचा असता." मी म्हटलं, हे जाळं फाटलेलं नाही, हे जाळं तुझ्यावर टाकलेलं आहे. त्याने ऐकून घेतलं आणि ट्रकखाली सरपटत गेला. पावसाळ्यात रस्ते बंद झाले, ट्रक माडाच्या झापांखाली उभा राहिला, आणि वाट्याचं उत्पन्न शून्य. बाबल जाळी विणत बसला. सुमनच्या वडिलांना मुंबईत हे कळलं तेव्हा त्यांनी दुसरी स्थळं बघायला सुरुवात केली. एक तलाठी, एक पोस्टातला, दोघेही पगारदार. गंमत म्हणजे पाहुणे यायचे त्याच दिवशी सुमन कशाने ना कशाने आजारी पडायची. एकदा पोट, एकदा दात... शेवटी स्थळंच यायची थांबली.

मला सर्वांत जास्त चीड यायची ती आणखी एका गोष्टीची. वाटा घेतलास ना, मग निदान लांबच्या खेपा तरी घे! फोंडा घाटातून कोल्हापूरला लाकूड नेणाऱ्याला भाडं चांगलं मिळायचं. बाबल नाही म्हणायचा. इकडे वेंगुर्ले, तिकडे तळेरे, त्यापलीकडे नाही. दिवेलागणीपर्यंत मालवणात परत. का, विचारलं तर म्हणायचा, "माका झेपणा नाय." भरलेल्या होडीचं एक टोक एकट्याने उचलणारा माणूस हा!

आणि मग तो किनाऱ्यावरचा दिवस. होड्या बांधणाऱ्या एका सुताराकडे बाबल वासे घेऊन गेला होता. ट्रक थेट वाळूत नेला आणि मागची चाकं रुतली. रापणीची माणसं जवळच होती. त्यांनी आपला दोर ट्रकला बांधला, मासे विकायला बसलेल्या बायकाही पदर खोचून आल्या, आणि आरडाओरड करत सगळ्यांनी मिळून तो ट्रक जाळ्यासारखा ओढून काढला. सुताराने भाडं रोख दिलं. अण्णाशेठ त्या दिवशी कुठल्याशा सत्काराला गेले होते, म्हणून ते बाबलच्या हातात आलं. त्या दिवसांत मी मालवणच्याच शाळेत शिकवायचो. शाळा सुटल्यावर मी तिथे पोचलो तेव्हा बाबलने सगळे पैसे ट्रकच्या तक्त्यावर पसरले होते आणि तो वाटे घालत होता. सगळ्यात मोठा ढीग ट्रकचा. मग तेलाचा. मग त्याचा, क्लीनरचा, आणि मग दोरीला हात लावलेल्या एकेकाचा आणा, दोन आणे. मी त्याच्या कानाशी लागलो. "बाबल, ह्या कायद्यात बसणा नाय. भाडा शेठीचा."

"शेठीचो वाटो हो बघ," तो ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "सगळ्यात मोठो."

तेवढ्यात अण्णाशेठ आले. सत्काराचा हार गळ्यातच होता, तो काढायचं भान कुणाला असतं! "हे काय चाललंय? माझा ट्रक, माझं भाडं!" ते ओरडले. चिडले की ते पुस्तकी मराठी बोलत.

"तुमचोच आसा, अण्णानु," बाबल म्हणाला. "ट्रकाचो वाटो ट्रकार ठेवलंय. मोजून घेवा."

"आणि या बायका कोण?"

"आमी ओढलंव म्हणान ट्रक भायर इलो, शेठीनु," एक म्हातारी दोन आणे कनवटीला लावत म्हणाली. "परत रुतयलास तर परत हाक मारा. पण हार काढून येवा, दोरीत अडाकतलो."

सगळा किनारा हसला. अण्णाशेठने तिथल्या तिथे बाबलला कामावरून काढलं. कायद्याने ते बरोबर होते. हे मी त्याही दिवशी बाबलला सांगितलं. तो म्हणाला, "आसतीत." आणि किल्ली तक्त्यावर ठेवून चालत घरी गेला.

पुढे कसालच्या एका लाकूडवाल्याकडे त्याला काम लागलं. तेही वाट्यावरच, फक्त तिथे हिशेब उघड्यावर व्हायचा, आणि रात्री ट्रक बाबलच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभा राहायचा. तो श्रीमंत झाला नाही. उपाशीही राहिला नाही. दरम्यान सुमनचे वडील एक घड्याळ आणि एक हार घेऊन निवृत्त झाले आणि मालवणला आले. घरचा कुत्रा त्यांच्यावर महिनाभर भुंकत होता. मीठ कुठल्या बरणीत असतं ते त्यांना विचारावं लागायचं, आणि बायको सांगायची तेही परक्याला सांगावं तसं. वर्षभराने त्यांनी स्वतःहून मला बोलावून सांगितलं, "त्या बाबलला विचारा, अजून आहे का त्याच्या मनात." गावाच्या हिशेबाने लग्नाचं वय केव्हाच उलटून गेलेल्या सुमनचं लग्न असं झालं. मला वाटलं, म्हातारा थकला.

लग्नानंतरही मी बाबलला सोडलं नाही. पोरं झाली तेव्हा सांगितलं, सुमनच्या बाळंतपणात कर्ज झालं तेव्हा सांगितलं, सरकारी खात्यात रोलरवर ड्रायव्हरची जागा निघाली तेव्हा अर्ज लिहूनच घेऊन गेलो. त्याने तो वाचला, अक्षराची तारीफ केली आणि घडी घालून मला परत दिला. दर वेळी तो शांतपणे ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "च्या घेतलंस?"

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी मी पुन्हा त्याच्या घरी गेलो. सुमनने चहा ठेवला. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की पगार घेतला असता तर आज चार पैसे हाती असते, त्याने माझं एकदा तरी ऐकायला हवं होतं. तिने कप माझ्यापुढे ठेवला.

"तेका कित्या बोल लावतात, मास्तरानु? वाटो घे म्हणान मीच सांगितलंय."

मी उचललेला कप खाली ठेवला.

"बापाशीक मी वर्साचे पंधरा दिस बघलंय. तेवा पण तो पावणोच. आमची आये तेका इचारी, भात पातळ होयो काय घट... मनीऑर्डर कधी चुकाक नाय. पण माका घरात माणूस होयो होतो." ती चुलीकडे वळली. "बाजारात मासे विकताना बाबलाक सांगितलंय, म्हयन्याचो पगार घेतलंस काय तू शेठीचो झालंस. रातचो घराक येतलस तर इचार, नायतर बापूस सांगता थंय मी जातंय."

"आणि हे मला का नाही सांगितलं कुणी?" मला अचानक पुस्तकी मराठी बोलता यायला लागलं होतं.

"तुमी बापाशीचे निरोप घेवन येय होतात. तुमका सांगला म्हणजे तेका सांगला." मग ती थोडी हसली, बाबल गेल्यापासून पहिल्यांदाच बहुतेक. "लग्नानंतर मी बाबलाक म्हटलंय, आता तरी सांग मास्तरांका. तर म्हणता कसो, कित्या? तेका भांडाक बरा वाटता. भांडांदे."

म्हणजे केव्हाच निकाल लागलेल्या खटल्यात मी इतकी वर्षं वकिली करत होतो, आणि पक्षकार मला चहा पाजत होते. आता बाबलवर चिडावं, तर तो नाही. सुमनवर चिडावं, तर तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे एकही मुद्दा नाही. फंड कापून घेणारे आम्ही पगारदार दर तीन वर्षांनी बदलीच्या गावी भाड्याची खोली शोधत फिरतो, हे मी तिला सांगितलं नाही. ते तिला ठाऊक असणार.

निघताना खळ्यात आलो. कोकमाची सोलं वाळवायचे दिवस. चटया पसरलेल्या होत्या, पण साऱ्या कुंपणाच्या कडेला, फणसाच्या सावलीत, एकीवर एक चढलेल्या. खळ्याच्या मधोमध, जिथे दिवसभर उघडं ऊन पडतं, तिथे एक ट्रक उभा राहील एवढी जागा लख्ख सारवून मोकळी ठेवलेली. ट्रक तर केव्हाच कसालला परत गेलेला. सोलं अशा सावलीत वाळणार नाहीत, बुरशी धरतील, मधली जागा सगळ्यात चांगली आहे, हे तिला सांगावं म्हणून मी मागे वळलो... आणि तसाच बाहेर पडलो. त्या घरात माझा सल्ला आजवर कुणी ऐकलेला नाही.