वर्षासनातली कपात

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुला सांगते आहे — आणि सांगतानाही तू कुठे बोलशील का, हा संशय मनात आहेच. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते खोटं नाही.

आमचे हे वाशिमला जिनिंग कंपनीत मोठे मुनीम होते. ते गेले आणि त्यांचं वर्षासन माझ्या नावावर लागलं. वर्षाला तीनशे रुपये. चार इयत्ता शिकलेली मी. तो कागद किती वेळा वाचला असेन! पण विधवेनं कंपनीच्या पेढीवर जायचं नाही, अशी आमच्या घरातली रीत. पैसे आणायचे माझे धाकटे दीर. आणि भाऊजी हातात ठेवायचे दोनशे सत्तर. पुढच्या वर्षीही तेवढेच. दाराबाहेरून, मान खाली घालून द्यायचे आणि निघून जायचे. मान खाली का? वहिनीपुढची मर्यादा होती ती — मला का कळत नव्हतं? पण मनात एकदा शंका शिरली की मर्यादाही चोरासारखी दिसते.

सरळ विचारायचं होतं ना? नाही विचारलं. त्यांच्याच चुलीवर जेवत होते. पाळत मात्र ठेवली. जावेच्या हातात नव्या पाटल्या दिसल्या — त्या माझ्याच पैशांच्या, हे मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

तिसऱ्या वर्षी मी — आता सांगतेच — डाव्या हातानं एक पत्र लिहिलं. अकोल्याच्या इन्कमटॅक्स कचेरीला. खाली नाव नाही. भाऊजींच्या कापडदुकानात दोन वह्या आहेत, एक खरी आणि एक सरकारला दाखवायची, असं लिहिलं. मी काही पाहिलेलं नव्हतं.

ऐन लग्नसराईत इन्कमटॅक्सवाल्यांनी दुकानाच्या वह्या गाडीत घालून नेल्या. भाऊजी अकोल्याला खेपा घालत राहिले; कुणीतरी निनावी पत्र लिहिलं, एवढं त्यांना तिथे कळलं. वह्यांत काही निघालं नाही. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. पेढ्यांनी उधार माल बंद केला, दुकान बसलं. अशाच एका खेपेहून आले आणि त्यांनी दारातून नोटा पुढे केल्या.

“वहिनी, हे तुमच्या टॅक्सचे. कंपनी आधीच कापून घेते. तुमची कमाई थोडी, म्हणून अर्ज केला तर वापस भेटते. तीन वर्साचे संगच भेटले.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“भेटतीन का नाही, भरवसा नव्हता. उगीच आस कायले लावाची?”

नव्वद रुपये. मी ते मोजून घेतले, त्यांच्यासमोर.

पर्युषण संपलं की क्षमावाणीला आम्ही जैन माणसं घरोघर जाऊन, हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. त्या वर्षी भाऊजी सगळी पेठ फिरले. ज्यानं कुणी पत्र लिहिलं, त्याला आपणच कधीतरी दुखावलं असणार — असं त्यांनी मनाशी धरलं होतं. दुकानादुकानात हात जोडले. शेवटी माझ्या दाराशी आले.

“वहिनी, साऱ्यायची मागून झाली. तुमचीच राह्यली. माह्या हातून काही चुकलं असन —”

पत्र माझं — दोनच शब्द होते. जिभेवर आलेही होते.

मी म्हणाले, “केली क्षमा.”

भाऊजी वाकले, माझ्या पाया पडले. मी पडू दिलं.