खंडेनवमीला परत केलेले डाय

माझ्या भिडस्तपणाची किंमत मला कोर्टाने नेमलेल्या एका सीएने समजावून सांगितली, तीही फुकट.

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप होतं. दोन पॉवर प्रेस, चार माणसं. एका मोठ्या कंपनीला आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट करून द्यायचो. पत्रा कंपनीचा, प्रेसमध्ये बसवायचे साचे, म्हणजे डायही कंपनीचे, मजुरी आमची. ती मजुरी आठ महिने थकली होती आणि वर्कशॉपच्या कर्जाचा हप्ता बायकोच्या पगारातून जात होता. ती एवढंच म्हणायची, "अहो, पैसे हातात पडेपर्यंत डाय सोडू नका." धंदा असा होत नसतो, असं मी तिला शहाणपणाने ऐकवायचो.

मग खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात, आणि कारखान्यांत तिच्यापुढे दिवाळीही फिकी. कंपनीच्या पर्चेस मॅनेजरचा फोन आला. सगळे डाय मुख्य कारखान्यात पूजेला पाठवा, मालकांची तशी इच्छा आहे, पूजा झाली की परत. आता पूजेला नाही कसं म्हणणार? मी स्वतः डाय रॉकेलने पुसले, तेल दिलं, चंदन-कुंकू लावून टेम्पोत चढवले. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "भीड भिकेची बहीण." सणासुदीचं अभद्र बोलू नकोस, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ते ओरडणं मला आजही बोचतं.

प्रसादाची चुरमुऱ्यांची पुडी आली, डाय आले नाहीत. दोन महिन्यांत कंपनी दिवाळखोरीत गेली आणि वसुलीचे सगळे मार्ग कायद्याने थांबले. मी दाव्याचा अर्ज भरला, बिलं जोडली. दावा मान्य झाल्याची ईमेल आली तेव्हा मूर्खासारखे पेढेही वाटले. मान्य होणं वेगळं आणि मिळणं वेगळं, हे पुढे कळलं.

ते कळलं मैलापूरला, कंपनीची दिवाळखोरी निस्तरायला कोर्टाने नेमलेल्या त्या सीएच्या ऑफिसात. कारखाना बँकेकडे तारण होता, त्यामुळे आधी बँक. माझ्यासारख्या विनातारण घेणेकऱ्याला उरलंसुरलं, आणि उरत काहीच नव्हतं. मग मी काय करायला हवं होतं, असं मी चिडून विचारलं.

"सार, डाय तुमच्याच ताब्यात होते ना?" तो म्हणाला. "मजुरी मिळेपर्यंत ते अडवून ठेवायचा हक्क कायद्यानेच तुम्हाला दिला होता. डाय दिलेत, हक्क गेला."

वसाहतीतल्या एकाने ते दिले नव्हते, हेही त्यानेच सांगितलं. डायवाचून काम अडलं, तेव्हा दिवाळखोरीआधीच कंपनीने त्याची पै न् पै चुकती केली होती. तो कोण ते मला ठाऊक होतं. माझ्याच गल्लीतला. चेक घेऊन या, पूजा इथेच करू, असं त्याने मॅनेजरला फोनवर सुनावलं होतं. तेव्हा मी मॅनेजरची समजूत घालत म्हणालो होतो, जाऊ द्या सार, त्याला संस्कारच नाहीत.

माझे दोन्ही प्रेस आता त्याच्या शेडमध्ये आहेत. घेताना त्याने घासाघीस केली नाही. प्रेस चालवायला माणूस हवा होता, म्हणून मलाही ठेवून घेतलं. दर महिन्याच्या एक तारखेला तो माझा पगार करतो. अजून एकदाही चुकला नाही.