विलासची गाठ

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. आम्ही बौद्ध. नवस, उतारा, अंगात येणं... माहेरी-सासरी कुठेच असल्या गोष्टींना थारा नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आजही लिहायला बसलेय ती घाबरून नाही, रागाने बसलेय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

मी सानपाड्याला राहते. माझा नवरा विलास न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला होता. पन्नाशीत माणसं गुडघ्यांचं तेल शोधतात, याला शिडाच्या बोटीचं वेड लागलं. सबनीस नावाच्या मित्राबरोबर भागीदारीत एक जुनी बोट घेतली – 'पाखरू'. दोघं पार मुरूडपर्यंत जाऊन यायचे, आणि घरी येऊन मला वाऱ्याची दिशा समजावत बसायचे.

अशा हौशी बोटवाल्यांचा इकडे एक ग्रुप आहे. थंडीत शनिवारी संध्याकाळी नेरूळला, जेट्टीच्या रस्त्यावर एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतात. कोणीतरी आपल्या सफरीवर बोलतं, स्लाइड्स दाखवतं, मग वडे, चहा आणि गप्पा. त्यांची एक पद्धत आहे. भाषण चालू असताना, त्या अंधारात, एक लांब दोर सगळ्यांच्या मांडीवरून फिरतो. प्रत्येकाने आपली एक गाठ मारायची आणि दोर पुढे द्यायचा. शेवटी दिवे लागले की वक्ता डोळे मिटून एकेक गाठ चाचपतो, कोणाची ते ओळखतो, नाव घेतो आणि सोडवतो. विलासची गाठ कोणीही ओळखायचं. तो डावखुरा, त्याची गाठ उलटी फिरायची, आणि उरलेलं टोक तो परत एकदा आत खोचायचा. ती सोडवताना नखं मोडायची लोकांची.

गेल्या वर्षी पाखरू फुटली. दोघं मुरूडहून आले, बोट जेट्टीला बांधली, घरी गेले. मागून वारा सुटला, बोटीचा पुढचा दोर सुटला आणि ती दगडांवर आपटत राहिली. सबनीस म्हणाला, पुढचा दोर विलासने बांधला होता. विलास म्हणाला, मी मागचा बांधला. तिसरं कोणी तिथे नव्हतंच. ग्रुपने सबनीसचं ऐकलं, कारण सबनीस मोठ्या आवाजात बोलतो. बस्स, एवढंच कारण.

मला राग त्याचाही नाही. राग याचा, की हळूहळू विलासलाच स्वतःची खात्री वाटेना. "कदाचित मीच बांधला असेन गं सुनंदा," म्हणायचा. ऑफिसातून आला की बाल्कनीत उभा राहून कपड्यांच्या दोऱ्या ग्रिलला बांधायचा, सगळं वजन टाकून ओढायचा, परत बांधायचा. एकही गाठ सुटली नाही, तरी त्याचं समाधान होईना. शनिवारी जाणं बंद केलं. उन्हाळ्यात अटॅक आला आणि विलास गेला. डॉक्टरांनी कारण वेगळं लिहिलंय, असेल तेही खरं. मी डॉक्टर नाही, बायको आहे.

या थंडीत ग्रुपमधून फोन आला की विलाससरांना श्रद्धांजली आहे, वहिनी, तुम्ही याच. गेले. टेबलावर विलासचा फोटो, हार घातलेला. आणि वक्ता कोण, तर सबनीस. विषय – बोट बांधताना होणाऱ्या चुका!

थोड्याच वेळात पडद्यावर पाखरू आली, पोट फुटलेली. सबनीस म्हणाला, नाव घेत नाही, तो माणूस आज आपल्यात नाही, पण एका ढिल्या गाठीने काय होतं ते बघा. फोटो समोर ठेवून म्हणे नाव घेत नाही! माझ्या अंगाची लाही लाही झाली. उठून जावंसं वाटत होतं, पण गेले असते तर सगळ्यांना पटलं असतं की हा बरोबर बोलतोय. म्हणून बसून राहिले.

तेवढ्यात दोर माझ्यापर्यंत आला. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. कोणी सांत्वनाला येऊन बसू नये म्हणून मी मुद्दाम तिच्यावर पर्स ठेवली होती. मी दोराला गाठबीठ काही मारली नाही, तसाच त्या पर्सवर टाकला आणि पडद्याकडे बघत बसले. पलीकडच्या लीना डॉक्टरांनी थोड्या वेळाने तो उचलला.

दिवे लागले. सबनीसने डोळे मिटले आणि नेहमीची गंमत सुरू केली. हे मेहताकाका. ही पिंटोची, कायम अर्धवट. लोक हसत होते. पुढची गाठ बोटांत आली आणि तो त्याच ओघात म्हणाला, "आणि हा आपला विलास."

मग त्याने डोळे उघडले.

सबनीस गाठ सोडवायला लागला. नखं लावली, मग दात लावले. गाठ ढिम्म. मी उठून त्याच्यासमोर गेले. गाठ बघितली. माझ्या बाल्कनीत तशा गाठी अजून आहेत, मला कोणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

"सोडवा ना," मी म्हटलं. "ढिली असते ना त्याची गाठ?"

त्याने दोर खाली ठेवला. "वहिनी, पुढचा दोर मी बांधला होता," तो खाली बघून म्हणाला. "मला घरी जायची घाई होती."

सगळ्यांसमोर म्हणाला. दुसऱ्या दिवशी बोटवाल्यांच्या ग्रुपवर लिहूनही टाकलं, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. ज्याने हे ऐकायला हवं होतं तो जिवंत होता, तेव्हा कुठे गेले होते हे हात?

लीना डॉक्टर म्हणाल्या, "दोर उचलला तेव्हा गाठ होती, मला वाटलं तुम्हीच मारलीत." पण माझ्या हातात दोर आला तेव्हा शेवटची गाठ पिंटोची होती, ती अर्धवट गाठ मी पडद्याच्या उजेडात डोळ्यांनी बघितली. कोणी चेष्टा केली म्हणावं, तर माझ्या आणि लीना डॉक्टरांच्या मध्ये फक्त ती खुर्ची होती. मी खूप डोकं लावलं. मला उत्तर सापडलेलं नाही, तुम्हाला सापडलं तर सांगा, पण मला शांत करायला म्हणून काहीतरी सांगू नका.

अजून एक गोष्ट मी तिथे कोणाला सांगितली नाही. निघताना पर्स घ्यायला गेले तर ती खुर्चीवर नव्हती. खाली माझ्या पायाशी होती, आणि तिचा पट्टा माझ्या खुर्चीच्या पायाला दोन वेढे देऊन अडकवलेला. लग्नाचा हॉल असो की हॉटेल, विलास हे करायचाच. चोरी होते गं, म्हणायचा.

म्हणजे एवढा वेळ माझ्या शेजारी बसला होतास. दोराला गाठ मारलीस, पर्स सांभाळलीस... आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस.