वाघिणी, विहीणबाई आणि वरणाचा गंज

मी वाघिणी पाळतो.

(हे वाक्य अमरावतीत जरा सांभाळून बोलावं लागतं. मेळघाट जवळ. एका गिऱ्हाइकानं एकदा आवाज खाली आणून विचारलं होतं, "वनखात्याले माहीत आहे का, भाऊ?")

माझ्या वाघिणी म्हणजे मालगाडीचे डबे. रेल्वेच्या जुन्या मराठीत मालडब्याला वाघीण म्हणतात. आणि माझ्या वाघिणी खेळण्यातल्या... छे! 'खेळण्यातल्या' म्हटलं की आमच्या छंदातली माणसं आठवडाभर बोलत नाहीत. प्रतिकृती! खऱ्या डब्यासारख्या हुबेहूब, तळहातावर मावणाऱ्या, रुळावर विजेनं पळणाऱ्या. पोटापाण्यासाठी माझं चष्म्याचं दुकान आहे. बारीक स्क्रू, बारीक पेचकस आणि बारीक भिंग ही माझी रोजची हत्यारं, त्यामुळे हा रोग मला जडणारच होता.

या छंदाची रीत अशी. बाजारात नवा डबा आला रे आला की तो मागवायचा, आणि घरी आल्याबरोबर खराब करायचा. आमच्यात याला 'सुधारणा' म्हणतात.

माझ्या बायकोला, सुनंदाला, ही व्याख्या कधीच पटली नाही.

"अवो, नवीकोरी वस्तू इकत आणता अन् तिले चिखल काहून फासता?"

"चिखल नाही तो, गंज आहे. तू बडनेऱ्याला मालगाडी पाहिली नाही का? एक तरी डबा चकचकीत असतो का?"

"मंग बडनेऱ्याहूनच एखादा उचलून आना!"

आता हिला काय सांगणार? विटेची भुकटी, काजळी आणि चहाचं कडक पाणी एकत्र करून मी जो गंज तयार करतो, त्याचं आमच्या फोनवरच्या गटात कौतुक होतं. (ती विटेची भुकटी मी एकदा स्वयंपाकघरातल्या बरणीत ठेवली होती आणि त्या दिवशी पोह्यांवर तिखट म्हणून तीच पडली, पण तो विषय आमच्या घरी मिटलेला आहे. म्हणजे मी काढत नाही.)

गंजानंतर वजन. कारखान्यातून आलेला डबा हलका असतो, वळणावर उडतो. म्हणून मी त्याच्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवतो. आणि सगळ्यांत मोठी सुधारणा म्हणजे आकडे, एका डब्याला दुसरा जोडणारे. कंपनीचे आकडे प्लास्टिकचे असतात, जरा ओढ बसली की सुटतात. मी चष्म्याच्या काड्यांची पोलादी तार वाकवून स्वतःचे आकडे बनवले. ते सुटतच नाहीत. मलासुद्धा सोडवता येत नाहीत!

असं सगळं सुरळीत चालू असताना आमच्या ऋतुजाचं लग्न ठरायची वेळ आली.

ऋतुजा आमची एकुलती एक. मुलगा अकोल्याचा, अनिकेत. दोघांचं आपसांत ठरलेलं होतं, फक्त थोरामोठ्यांनी मान हलवायची बाकी होती. मुलाच्या वडलांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. अकोल्यात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, माणूस मोकळा. आई मात्र मुख्याध्यापिका. त्या फोनवर बोलल्या तरी आमच्या घरातली माणसं इकडे उभी राहायची. बोलणं इतकं शुद्ध, की त्यांच्याशी दोन वाक्यं बोलून सुनंदा म्हणाली, "मी आपलं मधात मधात 'अच्छा' म्हणत होती."

रविवारी दुपारी ते जेवायला येणार असं ठरलं. बेत रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तूप.

सुनंदानं मला समोर बसवलं.

"त्या दिवशी तुमच्या गाड्या मागच्या खोलीत. कुलूप. समजलं?"

तेवढ्यात ऋतुजा म्हणाली, "आई, अनिकेतनं सांगून टाकलं ना घरी. भाऊसाहेबांना गाडी पाहायची आहे म्हणतात."

मी विजयी चेहरा न करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

"पाहू द्या मंग," सुनंदा म्हणाली. "पन फक्त पाहाची."

"जेवणाच्या टेबलाभोवती रूळ टाकतो," मी म्हटलं. "गाडी ताटापुढून फिरेल, मीठ आणि लिंबू घेऊन. राजेरजवाड्यांकडे असं असायचं."

"आपन राजे आहो का?"

"बाबा," ऋतुजा हात जोडून म्हणाली, "माझं लग्न आहे हो."

शेवटी तह झाला. मीठ, लिंबू आणि फार तर ठेचा. डबे आतून घासून, पुसून, चांदीचा कागद लावून. आणि सुनंदानं एक अट बोट नाचवून घातली. "तूप गाडीनं वाढाचं नाई!"

मी हो म्हटलं. तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं. पण त्याच आठवड्यात दोन नवे टाकीचे डबे पार्सलनं घरी आले! नुकतेच बाजारात आलेले, गोल, लांबट, वर झाकण, बाजूला इवलीशी शिडी. आता टाकीचा डबा रिकामा फिरवायचा? माणसाला काही लाज? मी टाकीला खालून भोक पाडलं, डोळ्यांत औषध टाकायच्या बाटलीचं मऊ टोपण तोटी म्हणून बसवलं आणि पाणी भरून पाहिलं. टोपण दाबलं की थेंब, थेंब, थेंब. देखणं काम झालं होतं. सुनंदाला सांगितलं नाही, कारण चांगली गोष्ट अचानक समोर यावी.

रविवारी पाहुणे आले. भाऊसाहेब पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात. विहीणबाई मोरपंखी पैठणीत. दोन टेबलं जोडून मी भोवती रूळ टाकले होते. टेबलाच्या टोकाला, खाली स्टुलावर वरणाचा गंज ठेवला होता. (आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडावरचा गंज वेगळा. त्या दुपारपर्यंत तरी वेगळा होता.)

गाडी निघाली. पुढे इंजिन, मागे उघडे डबे, मधे माझे दोन टाकीचे डबे. मीठ भाऊसाहेबांच्या ताटापुढे येऊन थांबलं. त्यांनी चिमूटभर उचललं आणि टाळी वाजवली.

"वा! अबे अनिकेत, हे तं लयच भारी आहे!"

दुसऱ्या फेरीत लिंबू. तिसरीत ठेचा. विहीणबाईसुद्धा किंचित हसल्या आणि डब्याकडे वाकून म्हणाल्या, "यांना गंज चढलेला दिसतो."

"मीच चढवला!" मी अभिमानानं म्हटलं.

"म्हणजे नवीन आणून आपण स्वतः खराब केले?"

"सुधारले."

त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. असं पाहिलं, की हे आनुवंशिक असतं का, एवढंच विचारायचं बाकी ठेवलं.

भाऊसाहेबांनी रोडगा चुरला, मधोमध तुपासाठी आळं केलं. सुनंदा तुपाचं भांडं घेऊन पुढे झाली.

"थांब," मी म्हटलं. "तूप येऊन राहिलं."

सुनंदाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी नंतर पाहिलं. त्या क्षणी माझं लक्ष सिग्नलकडे होतं.

टाकीचा डबा भाऊसाहेबांच्या आळ्यासमोर अचूक थांबला. आणि थेंब येईना. आता हिवाळ्याचे दिवस, कडाक्याची थंडी, आणि मी भरलेलं तूप गरम असलं तरी तीन फेऱ्या टेबलावर हिंडून ते थिजलेलं! मी पाण्यानं परीक्षा घेतली होती. पाणी थिजत नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"येते का नाई?" भाऊसाहेब खाली वाकून तोटीत पाहू लागले.

"जरा दाबा तिला."

त्यांनी दाबली. काही नाही. अजून दाबली. मग डोळा अगदी जवळ नेऊन, दात आवळून, बियाण्यांची पोती उचललेल्या बोटांनी दाबली. फस्स! टोपण निघालं आणि आतलं सगळं तूप एका दमात भाऊसाहेबांच्या चष्म्यावर बसलं. दोन्ही काचा! उरलेलं टेबलाच्या टोकापर्यंत रुळांवर.

समोर चष्मा खराब झालेला दिसला की माझे हात आपोआप पुढे जातात, धंद्याची सवय आहे. मी खिशातून फडकं काढून झेपावलो आणि माझं कोपर गाडीच्या वेगाच्या बटणावर टेकलं. टेकलं ते पार शेवटपर्यंत!

गाडी उसळली. नेमक्या त्याच वेळी विहीणबाई नवऱ्याचं तोंड पुसायला वाकल्या होत्या. शेवटच्या डब्याच्या मागं मोकळा राहिलेला आकडा (पोलादी, माझ्या हातचा) त्यांच्या पदराच्या जरीत घुसला.

"अहो, हे काय? कृपया ही गाडी थांबवा," विहीणबाई म्हणाल्या. गाडी थांबेना. पदर निघाला. मग बाईंची शाळा सुटली. "अवो, धरा नं थो भैताड डबा! माहा पदर घेऊन पयून राहिला थो!"

सुनंदाला त्यांचं पूर्ण समजलेलं पहिलं वाक्य हेच.

मी डबा धरायला धावलो. अनिकेत दुसऱ्या बाजूनं धावला. आम्ही एकमेकांना धडकलो. इंजिन टेबलाच्या टोकाच्या वळणावर पोचलं, तिथे रुळांवर तूप. चाकं घसरली, इंजिन टेबलाच्या कडेवरून हवेत गेलं आणि खाली स्टुलावरच्या गंजात, वरणात, डुबुक!

साधे आकडे असते तर तिथेच सुटले असते. माझे आकडे! इंजिनामागे पहिला डबा गेला, त्याच्यामागे दुसरा, मग मिठाचा, लिंबाचा, ठेच्याचा. शिशानं जड केलेले, एकामागे एक, शिस्तीत, जणू वरणात स्टेशन होतं. शेवटी पदर. आणि पदरामागे, टेबलाला पूर्ण वळसा घालून, पाठीत वाकलेल्या विहीणबाई, अकोल्याच्या मुख्याध्यापिका, गंजात डोकावत उभ्या.

वरणावर एक बुडबुडा आला. मग तांबूस रंग पसरला. विटेची भुकटी. कितीतरी संध्याकाळी जीव ओतून लावलेला माझा गंज गंजात उतरला होता.

भाऊसाहेब, दोन्ही डोळ्यांवर तूप घेऊन, इकडेतिकडे मान फिरवत होते. "काय झालं? मले कोनी सांगा तं! गाडी कुठी गेली?"

"बाबा, वरणात," अनिकेत म्हणाला.

"वरनात? अन् तूप?"

"तूप तुमच्या चष्म्यावर."

ऋतुजा उठली. तिनं पळी घेतली आणि गंजातून गाडी वर काढायला लागली. एक डबा काढला की बाकीचे लोंबकळत वर यायचे. अनिकेतनं खालून ताट धरलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. भाऊसाहेबांना दिसत काहीच नव्हतं, तरी तेही हसायला लागले.

हसली नाही ती सुनंदा. तिनं शांतपणे माझ्या कामाच्या टेबलावरची पक्कड आणली आणि आकडा पदरात अडकला होता तिथून तार कापली. जरीचा एक धागा तुटू दिला नाही. विहीणबाईंना आत नेलं, आपली इंदुरी साडी नेसायला दिली, पैठणीचा पदर थंड पाण्यात भिजवला. घटकाभरात झुणका टाकला. भाऊसाहेबांच्या आळ्यात चमच्यानं तूप वाढलं. आणि या सगळ्यात माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी कोपऱ्यात उभा राहून भाऊसाहेबांचा चष्मा पुसत होतो. इतका पुसला, की काचेचा नंबर बदलला असेल.

जेवणं झाली. विहीणबाई सुपारी कातरत होत्या. माझ्या हौसेपायी पोरीचं ठरलेलं मोडलं तर तिला तोंड कसं दाखवणार होतो?

विहीणबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. पुन्हा शुद्ध मराठी सुरू झाली.

"हे पाहा, मुलगी आम्हाला आधीपासून आवडली होती. घर पाहायला आलो होतो. आज जे झालं, ते आमच्याकडे झालं असतं तर मी यांना पाहुण्यांसमोर सोडलं नसतं." (भाऊसाहेबांनी हाओ म्हणून मान हलवली.) "पण सुनंदाताई नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एवढा धीर ज्या आईत आहे, तिची मुलगी माझ्या घरात आली तर माझंच नशीब."

सुनंदानं नम्रपणे खाली पाहिलं. ऋतुजानं आनंदानं माझा दंड दाबला. भाऊसाहेबांनी जाताना मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ते टाकीचे डबे कुठी भेटतात हो? दोन मलेही सांगून ठेवा."

आम्ही फाटकापर्यंत पोचवायला गेलो. सुनंदानं हात जोडले, हसून निरोप दिला, गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. मग फाटकाची कडी लावली, माझ्याकडे वळली, आणि सुटली. त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मधल्या काळात पोरीचं लग्न झालं, दोन सण झाले. बाई अजून कुठल्याही स्टेशनावर थांबलेली नाही.