आंबे पाडणारा इंजिनिअर

आंबे उतरवणारे कोकणात गावोगाव आहेत, पण आंबा पाडावा कसा, हे उभ्या किनारपट्टीत एकट्या माझ्या मामेभावालाच कळतं. त्याचं गाव विजयदुर्गच्या खाडीवर. तिथला मुलगा शिकला की मुंबईच्या कचेरीत गडप व्हायचा, आणि चळवळीची पत्रकं वाचून, वाटून वाढलेल्या मला याची भयंकर चीड होती. हा मात्र शेतकी इंजिनिअरिंगची वरची पदवी घ्यायला पार बंगालात गेला आणि प्रबंधाचा विषय घेऊन उलटपावली मामाच्या बागेत हजर झाला. विषय असा, की हापूस किती उंचीवरून पडला तर त्याला किती लागतं.

हातात टेप, कानाला पेन्सिल. गुडघ्याइतक्या, कमरेइतक्या, खांद्याइतक्या उंचीवरून तो चांगले तयार आंबे धपाधप पाडायचा, त्यांच्यावर शाईने आकडे घालायचा आणि अढीत पिकत ठेवायचा. कारण मार लागलेला आंबा त्या दिवशी बोलत नाही, आठ दिवसांनी काळा पडतो. मामी कपाळावर हात मारायची. "रे मेल्या, आंबे पाडूक शिकाक बंगालात गेल्लंस?" आणि ठेचलेल्या आंब्यांच्या रसाची साठं वाळत घालायची. त्या वर्षी घरात दुसरं खायला नव्हतं. एकदा तो आंब्याच्या ट्रकमध्ये मागे, पेट्यांच्या मधोमध बसून थेट कोल्हापूरपर्यंत गेला, दर धक्क्याला वहीत खूण करत. "आंब्याक बोलूक येना नाय, म्हणान मी बसलंय," असं ड्रायव्हरला सांगितलं. चार दिवस त्याला बसता येईना. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने पानात लाडू टाकला, तर हा विचारतो, "किती इंचांवरून टाकलास रे?" त्याच्या गौरवार्थ मी 'विद्या गावाकडे वळवा!' असं जळजळीत पत्रक काढलं. त्याने शंभर प्रती मागितल्या, मी फुलून गेलो. त्याने त्यांत आंबे गुंडाळून पाडले आणि निकाल दिला, "तुझा पत्रक पेटीतल्या गवतापेक्षा कडक आसा. आंब्याक लागता."

मग बंगालातून त्याच्या प्राध्यापकांचं इंग्रजी पत्र आलं. मामाला मीच वाचून दाखवलं. हे माळ्याचं काम आहे, इंजिनिअरिंग नव्हे. या हंगामात पुरेसे प्रयोग झाले नाहीत, तर विषय बदला नाहीतर नाव काढून घ्या. मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. मामेभावाने वही मिटली. मामाने प्रयोगांसाठी दिलेल्या एकुलत्या झाडाचे आंबे संपले होते.

आता मामा म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीदार झेल्यातून एक आंबा निसटला तर गड्याशी दिवसभर न बोलणारा माणूस. त्याने माझं भाषण संपू दिलं आणि एवढंच विचारलं, "किती आंबे व्हये तेका?" दुसऱ्या सकाळी तो स्वतः समुद्राकडच्या कलमावर चढला. त्या झाडावर तो कुणाला हात ठेवू देत नसे. एकेक आंबा उतरवून, दोन्ही हातांनी मुलाच्या हातात ठेवून म्हणायचा, "घे झिला, पाड." आणि पाठ फिरवायचा. धप्प आवाज झाला की त्याचे खांदे आत जायचे. मग पुढचा आंबा. चार दिवस हेच चाललं.

पदवी मिळाली. प्रवासातल्यापेक्षाही जास्त आंबे आपल्याच अंगणात, टोपली पेटीत ओतताना मरतात, हे प्रबंधातून सिद्ध झालं. आज आमच्या वाडीत कुणी टोपली ओतत नाही. बायका एकेक आंबा मांडतात. दिल्लीची ट्रॅक्टर कंपनीतली नोकरी नाकारून तो वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात आला, हे मी भेटेल त्याला सांगत सुटतो. बांधलेला प्रबंध घरी आला तेव्हा मामाने तो उलटासुलटा करून पाहिला, आंब्याच्या पेटीत खाली गवत, वर गवत घालून ठेवला आणि म्हणाला, "धक्को लागाक नको."

मामा गेला त्याला दोन हंगाम झाले. प्रयोग अजून चालू आहेत, पण समुद्राकडच्या कलमाचा आंबा आला की मामेभाऊ तो हातात धरून उभाच राहतो. टेप लोंबत असते, उंची मोजून झालेली असते. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणतो, "तू जरा पाठ फिरव रे."

मी फिरवतो. समोर खाडी असते. आवाज यायला फार वेळ लागतो.