जुनं पिस्तूल, नवे पार्ट

दोहाच्या नेमबाजी क्लबात दर शुक्रवारी माझ्या शेजारच्या लेनवर एक गृहस्थ असायचे. बोलण्यावरून रत्नागिरीकडचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांचं एक जुनं एअर पिस्तूल होतं. छर्रा चुकला की ते टार्गेटकडे नाही, पिस्तुलाकडे रागाने बघायचे आणि पुढच्या शुक्रवारी त्याला नवा पार्ट बसवायचे. तोही असातसा नाही. क्लबातल्या दुकानात लाकडी मूठ घेताना, बाजारात बांगडा दाबून बघावा तशी प्रत्येक मूठ दाबून बघितली. स्वस्तातली स्प्रिंग दाखवणाऱ्या दुकानदाराला तर तिथल्या अरबीत "खलास!", म्हणजे 'पुरे', म्हणून उडवूनच लावलं. मग चापही बदलला. नेम तेवढा होता तसाच राहिला.

"अहो, एवढ्या पैशांत नवीन पिस्तूल आलं असतं," मी एकदा म्हटलं.

"येईल हो. पण मग नेम चुकला तर बोल कोणाला लावायचा?"

गेल्या शुक्रवारी त्यांचा छर्रा बरोब्बर मधोमध बसला. मी टाळ्या वाजवल्या. ते काही हसले नाहीत. रिकामं पिस्तूल कानाशी हलवून बघितलं आणि काळजीने म्हणाले, "भाऊ, ह्याच्यात काहीतरी बिघडलंय."